जानरावांच्या वळणावरची घसरण

जानराव गावंडे यांना स्वस्थ बसलेलं दर्यापुरात कोणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं यावं. जमुनाबाईंनी बेचाळीस वर्षांच्या संसारात तरी पाहिलेलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा माणूस पानावर बसायच्या ऐवजी बुंदीचं ताट घेऊन दुसऱ्यांच्या पानांमधून फिरत असतो, आणि शेवटी उभ्याउभ्याच दोन घास खाऊन हात धुतो.

त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. चौतीस वर्षं ते रेल्वेत गँगमन होते. मूर्तिजापूर ते अचलपूर ही आपली छोटी लाईन. खांद्यावर हातोडा घ्यायचा आणि रुळातून चालत सुटायचं. सैल बोल्ट दिसला की आवळायचा, खचलेला स्लीपर दिसला की त्याच्याखाली खडी ठोकायची. पुढं जानराव रिटायर झाले, मग गाडीही बंद पडली, पण पायांना रिटायरमेंटचा कागद कोणी दिलाच नाही. ते घरातल्या घरात चालू लागले. शेजारच्या केशरबाईंच्या फाटकाचे बोल्ट त्यांनी न सांगता इतके आवळले की फाटक उघडायला त्यांनाच बोलवावं लागलं.

मग उजवा गुडघा गेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, बदलावा लागेल. तारीख दिली. त्या तारखेला जानरावांना अचानक रिद्धपूरला जाऊन दर्शन घेण्याची ओढ लागली. डॉक्टरांनी दुसरी तारीख दिली. त्या वेळी ते बसमध्ये चढले खरे, पण वलगावला ‘चहा घेऊन येतो’ म्हणून उतरले आणि समोरून येणाऱ्या दर्यापूरच्या बसनं सरळ घरी परतले. तिसरी तारीख होती येत्या सोमवारची. जमुनाबाईंनी त्यांना समोर उभं करून विचारलं (बसवून विचारायची सोयच नव्हती), “आता काय राह्यलं तुमचं?”

“गाडीचा एक फेरा होऊ दे,” जानराव म्हणाले. “पुरा एक फेरा. मग तू मनशीन तिथं येतो.”

गाडी म्हणजे मधल्या खोलीतली. गुडघ्यानं फिरणं बंद केलं तेव्हा जानरावांनी धान्याच्या दोन कोठ्यांवर जुन्या दाराची फळी टाकली आणि तिच्यावर आपली लाईन मांडायला घेतली. रूळ केले छत्रीच्या काड्यांचे. त्यासाठी गावातल्या एकोणीस छत्र्यांनी देह ठेवला, त्यातल्या दोन धडधाकट होत्या असं त्यांचे मालक अजून म्हणतात. स्लीपर कापले कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचे. दर्यापूर स्टेशन झालं कडुनिंबाच्या फळकुटाचं, त्यावर हिंगाच्या डबीचं छप्पर. इथवर सगळं ठीक होतं. पण रुळाखाली भुसा नको, सिमेंट नको, म्हणून जानरावांनी वावरातून दोन घमेले काळी माती आणली.

ज्या मातीनं चौतीस वर्षं त्यांची कंबर मोडली, तीच. ओली झाली की फुगते, वाळली की फाटते, आणि रूळ तिच्यावर सापासारखे लोळतात. जमुनाबाईंनी विचारलं, “हे काहून आनलं?” तर म्हणाले, “मंग लाईन कशी मनायची तिले?”

इंजीन मात्र त्यांच्या हातचं नव्हतं. ते बनवलं कुर्बानभाईंनी. कुर्बानभाई मूर्तिजापूरच्या शेडमधले जुने फिटर, आता अकोल्याला राहतात. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी बॉयलर वळवला, सायकलच्या पंपाचं धुराडं केलं, एका मेलेल्या खेळण्यातली मोटार आत बसवली आणि सेल ठेवले मागच्या कोळशाच्या डब्यात. शनिवारी सकाळच्या एसटीनं ते इंजीन घेऊन आले. बायकोच्या, रहिमाबीच्या, जुन्या ओढणीत गुंडाळलेलं. नवजात बाळ उतरवावं तसं त्यांनी ते रुळावर उतरवलं.

“चल, बिस्मिल्ला,” म्हणून त्यांनी खटका दाबला.

इंजीन निघालं. दर्यापूर स्टेशन सोडलं, पूल ओलांडला, आणि लाखपुरीच्या वळणावर मान वाकडी करून मातीत पडलं.

“रूळ!” कुर्बानभाई म्हणाले.

“चाक!” जानराव म्हणाले.

जमुनाबाईंनी कपाळावर हात मारला. हे त्यांनी ऐकलेलं होतं. छोट्या लाईनवर गाडी घसरली की असंच व्हायचं. गँगवाले चाक मोजायचे, शेडवाले रूळ मोजायचे. दोघंही आपापलं खातं निर्दोष असल्याचं सिद्ध करायचे आणि दुसऱ्याला फासावर चढवायचे. मग दोन्हीकडच्या सहीची एक नोट व्हायची, चहा व्हायचा, गाडी उचलून रुळावर ठेवायची. आता फळी पाच हातांची होती, पण चौकशी तेवढीच मोठी होती. दोघांनी खडूनं खुणा केल्या, दोरा ताणला.

“हे पाह्य, तुही लाईन इथं उचलली हाय,” कुर्बानभाई म्हणाले. “गाडी चाललीये का डोंगर चढून राह्यली?”

“अन् तुह्यं चाक पाह्य. जिलबीसारखं फिरते.”

“चौतीस साल मेरे चाक चले!”

“माह्या रुळावर चालले म्हनून चालले!”

दुसऱ्यांदा गाडी सोडली, तिथंच पडली. जानरावांनीच वळण खरवडून माती सारखी केली आणि तिसऱ्यांदा सोडली, तर पुन्हा तिथंच. तोवर जेवणाची वेळ झाली. आलू-वांग्याची भाजी निवत होती. दाराआड जमुनाबाईंनी पिशवी भरून ठेवली होती: दोन धोतरं, टॉवेल, रिपोर्टांची फाईल. तिकडं त्या सारख्या बघायच्या. गाडीनं फेरा मारला नाही, तर तिसरी तारीखही गेली. त्या उठायच्या, खोलीच्या दारात जायच्या, परत चुलीशी यायच्या. आपणही नवऱ्यासारख्याच येरझाऱ्या घालू लागलो, हे त्यांना चौथ्या खेपेला कळलं आणि स्वतःचाच राग आला.

कुर्बानभाईंना हात धुवायला पाणी द्यावं म्हणून त्या तांब्या शोधू लागल्या. तांब्या जागेवर नव्हता. तो सापडला मधल्या खोलीत, फळीच्या खाली, कोठीमागं. तळाशी थोडं पाणी होतं.

जमुनाबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. पेरणीच्या वेळी मातीत बोट खुपसून ओल सांगायच्या. त्यांनी लाखपुरीच्या वळणात बोट खुपसलं. मग दर्यापूर स्टेशनाजवळ खुपसलं, मग पुलाजवळ. बाकी सगळी लाईन मे महिन्यातल्या वावरासारखी कोरडी. वळण तेवढं ओलं, आणि टम्म फुगलेलं.

“इथं पानी कोनं टाकलं?”

“सादळली असंल,” जानराव म्हणाले.

“मे महिन्यात?”

जानराव आढ्याकडं बघू लागले. कुर्बानभाईंनी आधी माती पाहिली, मग तांब्या पाहिला, मग जानरावांचं तोंड पाहिलं. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. “भाभी, मी सकायपासून चाक घासून राह्यलो! अन् हा गँगमन आपल्याच लाईनले चोरून तांब्या पाजते!”

जानराव लंगडत अंगणात गेले. जमुनाबाई मागोमाग गेल्या. तिथं जानरावांनी न्हाणीच्या दाराचा कोयंडा हलवून पाहायला घेतला होता. तो घट्टच होता.

“सोडा तो कोयंडा,” त्या म्हणाल्या. “काहून केलं?”

जानरावांनी कोयंडा सोडला नाही. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, “जमुने, आमी रूळ बदलाचो ना, तवा जुना काढल्यावर कधी कधी नवा बसेच ना. दिवसभर गाडी थांबून राह्यची सिग्नलले. मानूस जर असा थांबला, तं?”

“मंग मी काय करून राह्यली इतके दिवस? मले भेव नाई?” जमुनाबाईंचा आवाज चढला. “तुमी वलगावले उतरले. बस सुटली. मी पिशवी घेऊन एकटी पोचली दवाखान्यात. नर्स मने, पेशंट कुठाय? म्या म्हनलं, चहा पिऊन येते. चार वाजेपर्यंत बसली मी तिथं.”

हे जानरावांना ठाऊक नव्हतं. ती पुढच्या बसनं आली, एवढंच त्यांनी धरलं होतं. कोयंड्यावरचा हात खाली आला.

“चार वाजेपर्यंत?”

“हो. अन् त्यांनी मलेच दोनदा वजनकाट्यावर उभं केलं.”

आत कुर्बानभाई हसले. ते दाराला कान लावूनच उभे होते. “अरे, मी मोतीबिंदूले तीनदा पयालो! रहिमाबीनं चौथ्या वेळी माह्या चपलाच लपवल्या. मंग काय, अनवानी कुठं पयतो?”

जानराव आत आले. त्यांनी ओली माती खरवडून काढली, केशरबाईंच्या कुंडीखालची कोरडी माती (पुन्हा न विचारता) आणून भरली, आणि सांडशीच्या दांड्यानं स्लीपरखाली ठोकत राहिले. या वेळी कोणाला काही बोलू दिलं नाही. कुर्बानभाई रूळ पाहायला वाकले, तर म्हणाले, “बाजूले सर. हे माह्यं काम हाय.”

रविवारी सकाळी इंजीन सुटलं. वळणावर त्याचं मागचं चाक जरा उचललं. जमुनाबाईंनी पदर तोंडावर धरला. चाक खाली बसलं, गाडी पुढं गेली, आणि खरखरत दर्यापूर स्टेशनात शिरली.

“अजून एक फेरा मारू?” कुर्बानभाई म्हणाले.

जमुनाबाईंनी इंजिनावर हात ठेवला. “एकच ठरला होता.”

मग कुर्बानभाईंनी वहीच्या पानावर नोट लिहिली: चाक निर्दोष, रूळ निर्दोष, कसूर गँगमनची. जानरावांनी ती दोनदा वाचली आणि कुरकुर न करता सही केली.

सोमवारी सहाची बस साडेसहापर्यंत आली नाही. तेवढ्या वेळात जानराव स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत बारा-पंधरा वेळा जाऊन आले. बस लागली तेव्हा ते जमुनाबाईंच्या आधी चढले आणि खिडकीजवळ सरकून बसले. त्यांनी शेजारची जागा थापटली.

“तू इकडून बस,” ते म्हणाले. “उतराचं मनलं, तं तुह्या अंगावरून जा लागंल मले.”

जमुनाबाई बसल्या आणि पिशवी मांडीवर न घेता दोघांच्या पायांपुढं आडवी लावली.