मलकव्वा पायरीवर बसली

दौंडला गाडी बदलून सोलापूरकडे निघाले, तेव्हा उन्हाने डब्याच्या खिडकीच्या गजांना हात लावता येत नव्हता. आमच्या मिशनने मला नर्स म्हणून तीन आठवड्यांसाठी नारूच्या कामावर पाठवलं होतं. नगरला निरोप देताना मिशनमधल्या तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, नारू म्हणजे नक्की काय? तेव्हा मलाही पुस्तकातलंच ठाऊक होतं. पाण्यातून पोटात जाणारा, वर्षभर अंगात वाढणारा आणि मग दोऱ्यासारखा पायातून बाहेर निघणारा हातभर लांब जंत.

सोलापुरात पहिलं काम होतं कापड मिळवायचं. भवानी पेठेत घरोघरी मागांची खटखट चालली होती. एका तेलुगू विणकराच्या दारात थांबले. नरसय्या त्यांचं नाव.

"कापड कशाला, अम्मा?"

"विहिरीचं पाणी गाळायला. आत बारीक किडे असतात."

त्यांनी दोन-तीन तुकडे उजेडापुढे धरून पाहिले, एक बाजूला टाकला. "हे विरळ हाय. किडा जाईल. हे न्या, दाट वीण." आणि जेवल्याशिवाय काही सोडलं नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर ताकाचा पेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने अक्कलकोटच्या अंगाला निघालो. वाटेतल्या कोरड्या ओढ्यात जीप वाळूत रुतली. ड्रायव्हर दस्तगीरभाईंनी चाक पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "अब ये नै हिलती, सिस्टर." शेवटचे दोन मैल पेट्या बैलगाडीत टाकून आम्ही चालत गेलो.

गावाचं नाव लिहीत नाही. नारूचं गाव म्हटलं की तिथे कुणी मुलगी द्यायला तयार नसे. शाळेच्या ओसरीवर पेटी उघडली आणि तासाभरात ओसरी भरली. कुणी काठी टेकत, कुणी पाठंगुळीला बसून आलं होतं. पेरणी जवळ आलेली आणि निम्मी घरं अशी खाटेवर पडलेली.

त्यातच मलकव्वा होती. चाळिशीची, हातात हिरव्या बांगड्या, बोलण्यात कानडी आणि मराठी सारखीच. तिच्या घोट्याजवळ नारू तोंड काढून होता. तो काडीला गुंडाळत रोज बोटभरच ओढायचा, तुटला तर पाय सडतो.

"लई जळतंय, सिस्टर. नीरु (पाणी) लागलं की गार वाटतंय. विहिरीत पाय सोडून बसते की मी."

गावाला पाणी देणारी ती एकच पायविहीर (पायऱ्यांनी आत उतरायची विहीर). दुखरा पाय पाण्यात गेला की नारू आपली पिल्लं तिथे सोडतो, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, आणि तेच पाणी सारं गाव पितं. हे मी मलकव्वाला सांगितलं तेव्हा तिने पाय जवळ ओढून घेतला. "म्हंजे माज्या पोरास्नी मीच दिला?"

मी तिच्या पायाला पट्टी बांधू लागले.

पायऱ्या बुजवून वरून रहाटाने पाणी काढायचं, हा पक्का उपाय होता. पण विहीर मलकव्वाच्या दिराची, शिवलिंगप्पांची.

"ह्या पायऱ्या आमच्या आज्यानं घातल्या," ते म्हणाले. "त्या म्या बुजवायच्या? आज पानी बदला म्हनता, उद्या देव बदला म्हनाल."

"मी येशूची आहे, ते लपवत नाही," मी म्हणाले. "पण पाणी गाळायला त्याची अट नाही."

विहिरीचं पाणी बाटलीत भरून मी भिंग त्यांच्या हाती दिलं. त्यांनी उन्हात बाटली धरली. आत ठिपक्याएवढे किडे उड्या मारत होते. ते बाटली खाली ठेवून निघून गेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गलका ऐकू आला. मलकव्वा पट्टी बांधलेला पाय पसरून सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती. जिच्या पायाला जखम नाही अशा एका पोरीला तिने खाली पाठवलं होतं. ती घागर भरून वर आणायची आणि मलकव्वा नरसय्यांच्या कापडातून एकेकीला गाळून द्यायची.

शिवलिंगप्पा आले. "वैनी, उठा."

"न्हाय उटत. ज्येच्या पायात नारू हाय त्येनं मला वलांडून जावं."

कोण ओलांडणार तिला? ती चार दिवस बसली. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. पाचव्या दिवशी शिवलिंगप्पांनी स्वतः पहिला दगड पायरीवर ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आठवड्याभरात रहाट बसला.

पुढच्या उन्हाळ्यात शिवलिंगप्पांनी शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं. 'तुमचं ऐकलं, तरी तिघांना निघाला. पायऱ्या उघडतो.' मी उलट टपाली कळवलं, हे तिघं पायऱ्या बुजवण्याआधीच ते पाणी प्यायलेले आहेत, एवढं एक वर्ष धीर धरा. त्या वर्षी मी दुसऱ्या कशासाठी एवढी प्रार्थना केली नसेल.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेले. पट्ट्या, मलमं, काड्या असं भरपूर सामान घेऊन ओसरीवर बसले. दुपार झाली तरी कुणी आलं नाही. एक बाई लंगडत आली आणि मी पेटीतून पट्टी काढली. तिच्या पायात बाभळीचा काटा होता.

मग मलकव्वा आली, सरळ पावलं टाकत, शेंगाची पोळी घेऊन.

"नारूचं कुनी आलं का?"

"नाही."

"येनार पन न्हाय." ती शेजारी बसली. "भावजी रोज रहाटाशी उभं ऱ्हात्यात. गाळल्याबिगर घागर हलू देत न्हाईत."

तीन दिवस राहिले, घरोघर फिरले. नारू एकाही पायाला नव्हता. हा विजय माझा नाही हे मला पुरतं ठाऊक आहे. मी नुसतं सांगायला गेले होते. ज्या बाईला उभं राहता येत नव्हतं, तिने बसून ते करून दाखवलं. पण आनंद मात्र मी माझा म्हणूनच घेतला, वाटून घेतल्यासारखा नव्हे, सगळाच्या सगळा.

परतीच्या गाडीत समोरच्या बाईंनी माझ्या भरलेल्या पेट्यांकडे पाहून विचारलं, "एवढा माल परत चाललाय? गिऱ्हाईक नाही का मिळालं?"

"एकही नाही मिळालं," मी म्हणाले, आणि मला हसू आवरेना.