घुंगरं जिन्यावर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग

सहाव्या टेकलाही बुवांनी ओळ चुकीच्या जागी उचलली. मी मशीन थांबवलं. सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील, असं डॉक्टर म्हणत नव्हते. आमच्या हातात शनिवारची दुपार होती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. महाडमध्ये माझा छोटा स्टुडिओ होता. बुवा पोलादपूरकडचे, शक्तितुऱ्याचे शाहीर. त्यात एक पार्टी गाण्यातून सवाल टाकते, दुसरी जबाब देते. त्यांचा पुतण्या संतोष मुंबईत रॅप करायचा. त्याच्या ग्रुपमध्ये एक पंजाबी, एक तमिळ. एकाचा ठोका आणि दुसऱ्याची घाई, दोन्ही संतोषच्या मराठीत उतरली होती. काकांच्या सवालाला तो रॅपमधून जबाब देणार होता.

दोघं एका तालात राहावेत म्हणून मी हेडफोनमध्ये क्लिक लावला होता, म्हणजे घड्याळासारखी टिकटिक. संतोष त्यावर चालत होता, बुवा नाही. वय झालं, असं मी धरून चालले.

"मॅडम, नाचणारी कुठं हायत?" बुवांनी विचारलं.

घुंगरं माइकमध्ये येतात म्हणून बुवांबरोबर आलेल्या चार नाचणाऱ्यांना मीच जिन्यावर बसवलं होतं.

"मी रिंगणात मधे बसून गातो. पाय पडला की शब्द. तुमच्या टिकटिकीला पाय नाय."

क्लिक काढला. चौघांना आत घेतलं, बुवांभोवती फिरायला लावलं. बुवांची ओळ पहिल्याच वेळी बरोबर आली. आता संतोष अडला. तो श्वास न घेता शब्द भरत होता आणि नाचणारे तोंड उघडून तसेच राहत होते.

"सगळं तूच बोललास तर झील कोण धरणार रे?" बुवा म्हणाले.

झील म्हणजे ओळीचा शेवट साथीदारांनी उचलणं. संतोषने वही काढली. प्रत्येक ओळीतले शेवटचे दोन शब्द स्वतःपुरते खोडले आणि चौघांकडून पाठ करून घेतले. त्यानंतरचा तिसरा टेक आम्ही ठेवला. त्यात शेवटी बुवांचा आवाज फाटलाय. मी तो दुरुस्त केला नाही.

ऑपरेशननंतर बुवा कुजबुजतच बोलले. काही महिन्यांनी संतोषने ग्रुपची सीडी आणली. त्यात पंजाबी मुलगा ओळ अर्धी सोडत होता, बाकीचे ती उचलत होते. घुंगरांऐवजी फरशीवर बूट आपटत होते. बुवांनी ऐकताना गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ओठ हलवले.

तेव्हापासून माइक लावण्याआधी मी गाणाऱ्याला विचारते, तुमच्याभोवती कोण असतं? मग त्यांनाही आत बोलावते.