दोन नारळ आणि एक भिंत

अकरा वर्षं मी शाळेच्या वेळात पाणी प्यायले नाही. सकाळी निघताना अर्धा कप चहा, आणि मग थेट संध्याकाळी घरी आल्यावर तांब्या तोंडाला. लोकांना वाटायचं, बाईंचा कसला तरी नेम आहे. नेम कसला डोंबलाचा. शाळेच्या संडासात नळ होता, नळाला पाणी नव्हतं. मुतखडा झाला तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं, बाई, पाणी पीत नाही का? मी म्हटलं, पिते की, रविवारी.

मी सातवीपर्यंतच्या शाळेची मुख्याध्यापिका. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर खुलासा मागवतील, आणि खुलासे लिहून माझी बोटं आधीच झिजली आहेत. गावात ग्रामपंचायत होती तोवर भांडायला एकच माणूस होता. मग नगरपंचायत झाली. रस्ता, दिवे, नळ तिच्याकडे गेले आणि शाळा राहिली जिल्ह्याकडे. म्हणजे घंटा जिल्ह्याची, तिचा आवाज नगरपंचायतीच्या हद्दीत. पाण्यासाठी अर्ज केला की नगरपंचायत म्हणायची, शाळा आमची नाही. जिल्ह्याचं ऑफिस म्हणायचं, पाणी आमचं नाही. दोघंही एकमेकांना पत्राची प्रत पाठवायचे, माहितीसाठी. माहिती तर सगळ्यांनाच होती.

माझं एक वेळ जाऊ द्या. सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की दप्तर खांद्याला अडकवून माझ्या दारात यायच्या. "मॅडम, जाऊ?" कशाला, ते त्या सांगत नव्हत्या आणि मी विचारत नव्हते. गेलेली मुलगी त्या दिवशी परत यायची नाही. महिन्यातले चार दिवस तर काहीजणी यायच्याच नाहीत. दुपारचं गणित मी निम्म्या वर्गाला शिकवायचे, आणि मोकळे बाक बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग कुठल्याशा वरच्या बैठकीत 'समन्वय' हा शब्द निघाला. दोन्हीकडचे साहेब नवे होते, हौशी होते. त्यांनी समन्वयासाठी आमची शाळा निवडली. जिल्ह्याने संडासापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत पाइप टाकायचा, नगरपंचायतीने रस्त्यावरून भिंतीपर्यंत आणायचा. ऐकून मला इतका आनंद झाला की मी दोघांनाही शाल आणि गुलाबाचं फूल घेऊन ठेवलं.

भूमिपूजनाच्या दिवशी घोडं अडलं ते नारळापाशी. आधी कोण फोडणार? शाळा जिल्ह्याची म्हणून जिल्ह्याचा मान, की पाणी नगरपंचायतीचं म्हणून तिचा? चहा दोनदा झाला. शेवटी तोडगा निघाला तो असा: जिल्ह्याच्या साहेबांनी भिंतीच्या आत फोडायचा, गावच्या साहेबांनी बाहेर, आणि दोन्ही एकाच क्षणी. आता भिंत पुरुषभर उंच. दोघांना एकमेकांचं तोंड दिसेना. म्हणून पोषण आहाराच्या खोलीतलं स्टूल आणून मला त्यावर चढवलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, काठापदराच्या साडीत, भिंतीवरून डोकं काढून मी "एक, दोन, तीन" म्हटलं. दोन्ही नारळ एकदम फुटले. फोटो काढायला दोन फोटोग्राफर होते, तेही वेगवेगळ्या बाजूला.

आठ दिवसांत काम झालं, खोटं कशाला बोलू. दोन्ही पाइप भिंतीला येऊन टेकले, एक आतून आणि एक बाहेरून. मध्ये राहिली ती भिंतीची जाडी, वीतभर. मी दोन्हीकडच्या इंजिनिअरांना फोन लावले. दोघांनीही सांगितलं की आपल्या हद्दीतलं काम शंभर टक्के पूर्ण आहे. आणि भोक? भोक भिंतीच्या मालकाने पाडायचं. मालक कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. भिंत कुठल्या तरी जुन्या निधीतून झालेली, कोनशिला फुटलेली, कागद कुठेच नाही. तिकडे पेपरात 'समन्वयाचा आदर्श' म्हणून बातमीही आली. त्या दिवशीही दुपारी सातवीत सहाच मुली होत्या.

आमची खिचडी शिजवणारी मावशी पाण्याची घागर डोक्यावरून आणायची. तिने पाहणीला आलेल्या इंजिनिअरला एकदा समोरच विचारलं, "साहेब, नळ इकडून बी आला, तिकडून बी आला. मंग पाणी आता भितीवरून उडी मारून येणार हाय का?" तो म्हणाला, मावशी, हा तांत्रिक विषय आहे. मावशीने पदराने तोंड पुसलं आणि डाळ धुवायला बसली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. नगरपंचायतीचं पाणी सोडणारा माणूस हा तिचा व्याही. तिची लेक त्याच्या कुंभार पिंपळगावातल्या थोरल्याला दिलेली. मला हे अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं. मी आपली अर्ज लिहीत बसले होते, आणि इथे दोन खात्यांमध्ये राजरोस सोयरीक झालेली होती.

"मॅडम, रविवारी सकाळी फकस्त गेट उघडं ठिवा," ती म्हणाली. "इवायाला बोलून ठिवलंय. बाकी तुम्ही बिलकुल इचारू नका."

मी रात्रभर विचार केला. निवृत्तीला सहा वर्षं होती आणि सेवापुस्तकात एकही काळा शेरा नव्हता. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण मग सातवीत उरलेल्या त्या सहाच मुली आठवल्या आणि रविवारी सात वाजता मी गेटवर उभी राहिले.

व्याही छन्नी-हातोडा घेऊन आले. अर्ध्या तासात भिंतीला भोक पडलं. तेव्हा कळलं की आतला पाइप जाडा आणि बाहेरचा बारीक. समन्वयात माप कुणी विचारलंच नव्हतं. व्याह्यांनी कपाळाला हात लावला, बाजारात जाऊन जोड आणला आणि बसवला. मग ते चावी फिरवायला चौकात गेले. संडासातला नळ आधी खोकला, मग लाल पाणी आलं, मग स्वच्छ. मावशीने त्याच्याखाली हात धरला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मला रडू आलं. नळ बघून रडणारी बाई म्हणून व्याही जरा बाजूला सरकून उभे राहिले.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. भिंतीस विनापरवाना छिद्र पाडून नुकसान केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. खाली जिल्ह्याचा गोल शिक्का आणि त्याला खेटून नगरपंचायतीचा गोल शिक्का. अकरा वर्षांत एका कागदावर दोघांना मी पहिल्यांदाच पाहत होते. मावशी घाबरली. म्हणाली, माझं नाव घाला मॅडम, माझं काय जातंय. मी तिला खिचडीकडे बघ म्हटलं. भर अकरा वाजता दोन पेले पाणी प्यायले आणि लिहिलं: छिद्र मी पाडले. पाणी आले. सदर भिंत ज्यांच्या मालकीची असेल त्यांनी कारवाई करावी, माझी हरकत नाही.

अजून कुणी पुढे आलेलं नाही. कारवाई करायची तर आधी भिंत आपली म्हणावी लागेल, आणि भिंत आपली म्हटली की तिची डागडुजीही आली.

काल दुपारी गणिताच्या तासाला तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मॅडम, जाऊन येऊ?" मी फळ्याकडे तोंड करूनच मान हलवली. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर तिची जागा मोकळी होती, आणि दप्तर बाकावरच होतं.