भिंतीलगतची जागा

निगडीत राहून बंगल्याच्या जमिनीतून गरम पाण्याच्या नळ्या फिरवणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. मलाही काढलं. शेजारी गच्चीवरून चौकशा करून गेले. प्लंबर तर तोंडावरच म्हणाला, "राव, लोक एसी बसवून घेतात, तुम्ही जमीन तापवताय?" बायकोचं म्हणणं होतं की लोकरीचे मोजे बाजारात मिळतात. मी कुणाचंच ऐकलं नाही. चाकणच्या कंपनीत गरम पाण्याच्या लाइनी सांभाळण्यात माझी हयात चाललीय. घरी आईचे पाय गारठून आखडतात आणि मी तिला मोजे आणून देणार, हे मला पटेना.

शिवाय मोजे ती घालायचीच नाही. प्राधिकरणातला आमचा बंगला जुना, खाली मोझॅकची फरशी, डिसेंबरात पाय ठेववत नाही अशी. संधिवातामुळे डॉक्टरांनी गार फरशी वर्ज्य सांगितलेली. तरी ही बाई रोज दुपारी जेवणाआधी अनवाणी हॉलमध्ये जायची, भिंतीला धरून कशीबशी खाली बसायची आणि खिडकीखालच्या एका जागेवर तळवा टेकायची. कशासाठी ते मला माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो मात्र नव्हतो.

वडील एका कारखान्यात भट्टीवर होते. थर्ड शिफ्ट करून सकाळी आले की आंघोळ उरकून हॉलमध्ये त्याच खिडकीखाली उघड्या फरशीवर आडवे व्हायचे, भिंतीला पाठ लावून. चटई नको, उशी नको. भट्टीची धग अंगातून जात नाही म्हणायचे. दुपारी ते उठले की तेवढी फरशी गरम असायची आणि आई नेमकी तिथंच भाजी निवडायला बसायची. लहानपणी मी तिला ढकलून तिथं लोळायचो. मग एका दुपारी ते उठलेच नाहीत. लोकांनी त्यांना उचललं तेव्हाही खालची फरशी गरम होती. आईनं तिथं हात ठेवला आणि बायकांनी तिला ओढून नेईपर्यंत काढला नाही. दहाव्यापर्यंत दिवाही तिथंच तेवत होता.

जुनी फरशी फोडायची नाही, एवढी एकच अट आईनं घातली. मी ती पाळली. फरशीवर ऊब धरून ठेवणारी जाड शीट, तिच्यावर नळ्यांची वेटोळी, वर कोबा आणि मग नव्या टाइल्स. पाणी गच्चीवरच्या सोलरचं. प्रत्येक खोलीचा व्हॉल्व्ह वेगळा, जिन्याखाली. जमीन वर आली, त्यामुळे दारं खालून तासावी लागली, उंबरे जवळजवळ बुडाले. आई बरेच दिवस ठेचकाळत होती. वडिलांची फरशी आता आपल्या पायांखाली कुठंतरी खोल आहे, या विचारानं मलाच उगाच धास्ती वाटायची.

पाणी सोडलं त्या सकाळी आईनं पाऊल टेकलं आणि हसली. "उन्हात उभं राहिल्यागत वाटतंय," म्हणाली. मी फुशारून गेलो. दुपारी हॉलमध्ये आलो तर ती जमिनीवर. खिडकीखाली हात ठेवत होती, मग थोडा अलीकडे, मग दाराशी. रांगत रांगत टीव्हीपर्यंत गेली.

"काय हरवलं आई?"

"सगळीकडंच गरम हाय रे," ती म्हणाली. "आता हे कुठनं उठून गेलेत, मला कसं कळायचं?"

मला आधी राग आला. एवढा खटाटोप कुणासाठी केला होता? ओरडायला तोंड उघडलं, तर तिचा चेहरा दिसला. वडील गेले तेव्हाही ती अशी दिसली नव्हती. त्या दिवसापासून ती दोन घास खाऊन ताटावरून उठायला लागली. पाय सुधारत होते आणि आई वाळत चालली होती. मला भीती वाटायला लागली.

शेवटी मी हॉलचा व्हॉल्व्ह बंद केला. फरशी गार पडली. आईनं खिडकीखाली हात टेकून पाहिलं. "न्हाई," म्हणाली. "ही फरशी त्यांच्या वळखीची न्हाई. आता यायचे न्हाईत ते."

माझी कायमची सेकंड शिफ्ट, दुपारपर्यंत मी घरीच. दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात देवपूजेला बसली, तसा मी शर्ट काढून खिडकीखाली आडवा झालो. टाइल पाठीला अक्षरशः चावली. आरतीची घंटी वाजली तसा उठून पेपर घेऊन बसलो. आई आली, खाली बसली, तळवा टेकला. बराच वेळ तशीच होती. मग आत गेली आणि त्या दिवशी पोटभर जेवली. मला रडू आलं. मग हे रोजचंच झालं.

थंडी सरता सरता मला खोकला धरला. एकदा जेवताना ढास लागली तर आई म्हणाली, "रोज उघड्यावर पडतोस. चटई घेत जा की खाली, छाती भरंल."

माझा घास हातातच राहिला. "तुला माहीत होतं?"

"आंधळी हाय व्हय मी? तुझी ऊब पार मधोमध लागती. लहानपणापासनं तू असाच ऐसपैस झोपतोस." ती भाकरी मोडत होती. "ह्यांची भिंतीलगत. चिंचोळी."

"म्हणजे... अजून लागते?"

"तू झोपाय लागल्यापासनं परत लागती," ती म्हणाली आणि माझ्या वाटीत आमटी वाढली.

जेवण झाल्यावर मी हॉलमध्ये गेलो. भिंतीलगत हात टेकायला वाकलो, आणि टेकला नाही. तेवढ्यात कंपनीच्या बसची वेळ झाली, असं मी स्वतःला सांगितलं. अजूनही तिथं हात लावायचा धीर झालेला नाही. चटई घेत नाही. आरतीची घंटी वाजेपर्यंत मी भिंतीकडे पाठ करून, अंग चोरून एका कुशीवर पडून असतो. मागं एक माणूस मावेल एवढी जागा सोडतो.