आतोबांची पाळी

जगातलं कुठलंही भांडण मुळात वेळेचं असतं, पैशाचं किंवा जमिनीचं नसतंच, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्याच नात्यातला निघाला. माझ्या आत्याचे यजमान म्हणून मी त्यांना आतोबा म्हणायची, आणि माझं ऐकून निर्मळ नावाचं आमचं सगळं गाव त्यांना आतोबा म्हणायला लागलं. आतोबा सांताक्रूझच्या विमानतळावर एका परदेशी विमान कंपनीच्या कचेरीत नोकरीला होते. स्वतः विमानात कधी बसले नाहीत. "हलवायानं जिलबी खाऊ नये," म्हणायचे. त्यांचं काम एवढंच, की कंपनीच्या विमानाला उतरायची आणि सुटायची बरी वेळ मिळवायची. कचेरीत त्या वेळेला स्लॉट म्हणत. आत्या मात्र पहिल्या दिवसापासून तिला पाळी म्हणायची. वाडीच्या विहिरीवर पाण्याची असते, तशीच विमानाची पाळी. आतोबांनाही तो शब्द इतका आवडला, की त्यांनी साहेबालासुद्धा तो शिकवला म्हणे.

कचेरीतलं हे वेड ते घरी घेऊन येत. न्हाणीघराची पाळी ठरलेली, आरशाची ठरलेली. कुणी आंघोळीला रेंगाळलं की आतोबा बाहेरून ओरडत, "धावपट्टी मोकळी करा!" माझ्या चुलतभावाच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. देवळाच्या आवारात आधीचं लग्न लांबलं होतं, मांडव रिकामा नव्हता, आणि आमची वरात बँडसकट येऊन ठेपली. दुसऱ्या कुणी यजमानाने वऱ्हाडाला झाडाखाली बसवलं असतं. आतोबा हात आडवे करून रस्त्यात उभे राहिले. जागा मोकळी होईपर्यंत विमान हवेत घिरट्या घालतं, हा नियम असल्याचं सांगून त्यांनी नवरदेव, घोडा, बँड आणि फेट्यातले सगळे मामा-काका देवळाजवळच्या तळ्याभोवती फिरवत ठेवले. घोडा अखेर वैतागून पाण्यात उतरला. आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "ह्यांना घरात शिरायला मी परवानगी मागायला लावत नाही, हेच ह्यांचं नशीब!"

पण मला त्यांच्या त्या गोष्टी ऐकायला मनापासून आवडत. मी तेव्हा कॉलेजात जायची, ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं, आणि आमच्या डोक्यावरून जाणारी विमानं हा मला पडलेला मोठाच प्रश्न होता. विलायतेची विमानं मुंबईला अशी आडवेळी का येतात, हे मी एकदा विचारलं. आतोबांनी सुपारी कातरायची थांबवली. "तिकडच्या बऱ्याच गावांत रात्री विमानाला बंदी. लोकांची झोप मोडते. मग तिथली वेळ सांभाळायची तर आपल्याकडे कधी यायचं? आपण जागे! झोप त्यांची, जांभया आपल्या." मग त्यांचा आवडता विषय निघे. दिवसभरात धावपट्टीवर उतरतील तेवढीच विमानं उतरणार, आणि त्यातल्या सकाळच्या चांगल्या वेळा तिकडच्या मोठ्या विमानतळांवर जुन्या कंपन्यांनी केव्हाच बळकावलेल्या. काल होती म्हणून आज त्यांची, आज आहे म्हणून उद्याही त्यांचीच. अट एकच: पाळी वापरली पाहिजे, नाहीतर जाते. "म्हणून काय करतात ठाऊक आहे? रिकामी विमानं उडवतात! आत माणूस नाही, पण पाळी सोडणार नाहीत." हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. "आमची कंपनी नवी. तिकीट आमचं स्वस्त, जेवण आमचं गरम. पण वेळ कुठली? भर दुपारची, कुणाला नको असलेली. कोण येणार आमच्या विमानात? ही काय स्पर्धा झाली? हा तर पणजोबांचा कारभार!" एकदा तरी सकाळची वेळ मिळवायची आणि मगच निवृत्त व्हायचं, असा त्यांचा पण होता.

आता आमच्या विहिरीबद्दल सांगायला हवं. वाडीत पाच-सहा घरांत मिळून एकच विहीर होती, आणि तिच्यावर पंप लावायच्या पाळ्या पूर्वजांनी लावून दिलेल्या. उपसा जास्त झाला की पाणी खारट होई, त्यामुळे पाळी वाढवायची सोय नव्हती. सगळ्यांत चांगली पाळी पहाटेची, कारण रात्रभरात झरे भरून विहीर काठोकाठ गोड झालेली असे. दुपारपर्यंत तळाचा गाळ आणि मचूळ पाणी तेवढं उरे. ही पहाटेची पाळी आतोबांच्या घराण्याची, थेट पणजोबांपासूनची. आणि आतोबांच्या वाडीत होतं काय? मोगऱ्याची थोडी झाडं आणि नोकरीमुळे पडीक राहिलेली बाकीची जमीन. तरी आतोबा रोज पहाटे टोपी घालून पंप सुरू करत. पाणी मोगऱ्याला पुरून, पाटातून वाहून थेट वाटेवर येई, आणि शेजारच्या आळीतली बदकं तिथे नेमाने पोहायला येत. भर पावसाळ्यातही हे पंपावर छत्री धरून उभे! मी विचारलं तर म्हणाले, "पाळी वापरली नाही तर जाते, बाय."

त्याच वर्षी एका भाऊबंदाने आपला तुकडा रोझीबायला विकला. ती पलीकडच्या ख्रिस्ती आळीतली विधवा बाई, हातात कसब आणि बोलणं रोखठोक. जमीन तिला मिळाली, पण जुना मालक पाणी घेतच नसे, त्यामुळे जमिनीबरोबर पाळी आली नाही. सगळ्यांनी मोठ्या मनाने तिला दुपारची वेळ दिली. होतं नव्हतं ते घालून तिने केळीची लावण केली होती. तळाच्या मचूळ पाण्याने कोवळी पानं कडेने करपायला लागली. लावण गेली असती तर जमीन पुन्हा विकण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. तेव्हा सगळे हिस्सेदार देवळाच्या ओट्यावर जमले, आणि ह्या विषयातले जाणकार म्हणून न्याय करायला बसवलं कुणाला, तर आतोबांना!

आतोबांनी घसा साफ करून धावपट्टीपासून सुरुवात केली. आधीपासून ज्याची वेळ त्याची राहते, नव्या माणसाने उरलेली घ्यावी, जगभर हीच रीत आहे, असं ते समजावत होते. रोझीबाय लुगड्याचा पदर खोचून शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आतोबा, तुमच्या जुन्या कंपन्यांना तुम्ही शिव्या घालता, त्या आम्ही पण ऐकल्यात. मग हिते रिकामं विमान कोण उडवतंय? तुमचं पाणी बदकं पितात, नि माझी केळ मरते."

ओट्यावर कुणी हसलं नाही. आयुष्यभर ज्यांच्याशी आतोबा भांडले, ते पणजोबा आपलीच टोपी घालून इथे बसलेत, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. ते चपला शोधत उठले. मला त्यांची फार दया आली, आणि रोझीबायचा रागही आला, जरी बरोबर तीच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंप वाजला नाही. त्यानंतरही नाही. आत्या घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची, तर हे पांघरुणात टक्क जागे. मग एके दिवशी ओट्यावर जाऊन त्यांनी स्वतःच जाहीर केलं, "आमची पाळी वापरात नाही, म्हणून गेली. नियम म्हणजे नियम. रिकामी वेळ नव्या कंपनीला द्यावी." आणि रोझीबायकडे वळून म्हणाले, "मी आता नवा आलोय. दुपारची उरली असेल तर बघा."

त्यानंतर पहाटे रोझीबायचा पंप सुरू झाला की आतोबा अंथरुणातूनच म्हणायचे, "वेळेवर सुटलं!" सुटीच्या दिवशी रणरणत्या उन्हात, टोपी घालून, ते तळाच्या पाण्याने मोगरा शिंपत. केळी तरारली. त्यांच्या कंपनीला मात्र सकाळची वेळ शेवटपर्यंत मिळाली नाही. तिने मुंबईची फेरीच बंद केली, आणि आतोबा आपला पण अपुरा ठेवूनच निवृत्त झाले. त्याचं त्यांना वाईट वाटलं, खूपच वाटलं.

आतोबा गेले त्या वर्षी मी माहेरपणाला गेले होते. दुपारी विहिरीवर सामसूम होती. एका हिस्सेदाराने ही वेळ आता मोकळी आहे, मी घेतो, असं म्हणताच रोझीबाय त्याच्यावर कडाडली, "ती आतोबांची पाळी हाय. हात लावायचा नाय."

नियमाप्रमाणे ती पाळी केव्हाच जायला हवी होती.