वेणीची सावली

नवं डिजिटल मशीन आलं तेव्हा आमच्या एक्स-रे सेंटरात सगळ्यात खूश मी होतो. त्याआधी वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्या होत्या. हाताला लागलेला औषधाचा वास जेवतानाही जायचा नाही. आता एक बटण दाबलं की फोटो पडद्यावर, दुसरं दाबलं की थेट पुण्याला. कारण रत्नागिरीत मशीन आलं, फोटो वाचणारे डॉक्टर काही आले नाहीत. ते पुण्यात बसून वाचायचे आणि तासाभरात रिपोर्ट पाठवायचे. पूर्वी ओली फिल्म टांगताना नजर आपोआप तिच्यावरून फिरायची. बघणं हे आता आपलं काम नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं. ती सवय मोडायला महिनासुद्धा लागला नाही.

त्या दिवसांत पूर्णगडची एक चाची सुनेला घेऊन आली. सुनेचा खोकला तीन आठवडे हटत नव्हता. नवरा आखातात होता आणि महिन्याभरात तिला पोराला घेऊन त्याच्याकडे जायचं होतं. दीड वर्षाचं पोर चाचीच्या कडेवर होतं. त्या दोघांना दाराबाहेर ठेवून सून मशीनसमोर उभी राहिली. ओढणी डोक्यावरून खांद्यापर्यंत घट्ट गुंडाळलेली. केस वर बांधायला लावायचे, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. वेणी खांद्यावर राहिली तर तिचीही सावली फोटोत पडते. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण परक्या बाईला ओढणी सोडा म्हणून कसं सांगायचं? मी म्हटलं, "श्वास घ्या, धरून ठेवा," आणि बटण दाबलं. आपण किती मर्यादेने वागलो, म्हणून मनातल्या मनात स्वतःला शाबासकीही दिली.

रिपोर्ट आला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग, क्षयाची शंका. तिच्या डॉक्टरांनी थुंकी तपासायला पाठवली आणि निकाल येईपर्यंत पोराला आईपासून लांब ठेवायला सांगितलं. आखातात जाणं अर्थातच लटकलं.

सहाव्या दिवशी चाची एकटीच आली. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला तिला छापील फोटो हवा होता. पोराला शहरात लेकीकडे ठेवलं होतं.

"आईची वेणी मुठीत धरल्याशिवाय झोपत नाय वो," ती म्हणाली. "तिकडे नुसता रडता."

मी फोटो उघडला. वेणी हा शब्द कानात होता म्हणूनच असेल, पण या वेळी मी खरोखर बघितलं. डाग फुप्फुसात थांबतच नव्हता. गळ्याजवळच्या हाडावरून सरळ मानेपर्यंत चढला होता. फुप्फुसातला डाग फुप्फुसाबाहेर कसा जाईल?

"चाची, चूक माझी आहे," मी म्हटलं. "ही वेणीची सावली असणार. केस बांधायला सांगायला हवं होतं, मला संकोच वाटला. सुनेला आजच घेऊन या."

ती म्हणाली, "मी दाराबाहेरच होती ना? मला हाक मारायचीत. मी बांधले असते."

मर्यादा वगैरे काही नव्हतं ते. मला एक वाक्य बोलायला अवघड वाटलं आणि ते सहा दिवस त्या पोराने भोगलं. मला स्वतःची लाज वाटली.

दुपारी दोघी आल्या. चाचीने दार लावून सुनेचे केस डोक्यावर बांधले, वरून ओढणी सैल घेतली आणि मला आत बोलावलं. नवा फोटो स्वच्छ होता. पुण्याला फोन करून मी झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा नवा रिपोर्ट आला, फुप्फुसं ठीक. थुंकीतही काही निघालं नव्हतं. खोकला साधाच आहे, पोराला घ्या, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं.

नणंद पोराला घेऊन सेंटरातच आली. सुनेने हात पुढे केले. पोराने तिच्याकडे एकदा बघितलं आणि आत्याच्या खांद्यात तोंड खुपसलं.

मग सून भिंतीकडे वळली. ओढणीखाली हात घालून केस सोडले, घाईघाईने वेणी घातली आणि तिचं टोक पोराच्या हातात दिलं. त्याने ते मुठीत घट्ट धरलं, आणि तेव्हा कुठे ते आईकडे झेपावून रडायला लागलं.