सीटखालचा गाळ

मोहाडीची दामिनी गेली दोन वर्षं दर रविवारी कारध्याला जायची, मनिषच्या जुन्या मोटारसायकलींच्या आवारात. गाडी घ्यायला नाही, सौदा मोडायला.

तिचा नवरा अंकुश साड्या विणायचा आणि विकायलाही स्वतःच न्यायचा, थेट रायपूरपर्यंत. मागे पेट्या लावलेली, लांब पल्ल्याची स्पोर्ट टूरर त्याने मनिषकडूनच घेतली होती. ती वैनगंगेच्या पुरात बुडालेली होती, हे कोणी सांगितलं नाही. एका उतारावर, ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं एबीएस बंद पडलं, पुढचं चाक जागीच अडकलं आणि अंकुशचा उजवा गुडघा कायमचा आखडला. हातमागाची पावडी दोन्ही पायांनी दाबावी लागते. माग तेव्हापासून बंद.

जाब विचारायला गेल्यावर मनिष म्हणाला होता, "गाडीत खोट नव्हती वहिनी, अंकुशभाऊलेच चालवता नाही आली."

हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. भंडाऱ्याच्या एका मेकॅनिकच्या हाताखाली आठ महिने राबून ती गाड्या उघडायला शिकली. तिला मनिषच्या तोंडून खरं ऐकायचं होतं, तेही चार लोकांत.

अशाच एका रविवारी सकाळी सानगडीच्या अश्विनने तिला गाडी पारखायला बोलावलं. लाल टूररवर त्याचा जीव जडला होता. दामिनीने आधी इंजिनावर तळहात ठेवला.

"गरम आहे."

"उन्हात उभी होती," मनिष म्हणाला.

"ऊन तं अजून भिंतीपलीकडे आहे, भाऊ."

गाडी नेहमी थंड असताना बघावी, तापवून ठेवली की तिचा आजार दिसत नाही, हे तिने अश्विनला समजावलं. मग टायरवरचं बनावटीचं साल वाचलं, साखळी ओढून पाहिली, पुढच्या शॉकअपवर बोट फिरवलं. सगळं ठीक होतं आणि तसं तिने मोठ्याने सांगितलंही. मनिषचा चेहरा खुलला. तो चहा मागवायला लागला, तेवढ्यात तिने सीट काढायला सांगितली. सीटची चावी हरवली, म्हणे.

"हे सीट गाडीच्याच चावीनं उघडते."

गाडीला लावलेली चावी काढून तिने सीट उघडली. आतली जागा लख्ख धुतलेली होती. दामिनीने वायरींचा एक जोड उपसला. पितळी पिनांच्या मध्ये राखाडी, मऊ गाळ होता. तो तिने अश्विनच्या तळहातावर टेकवला.

"हे काय?"

"वैनगंगा."

धूळ आहे, मनिष म्हणाला. आवारातली आणखी दोन गिऱ्हाईकं जवळ सरकली. दामिनीने जोड परत लावला, सीट बसवली आणि चावी त्याच्यापुढे धरली.

"धूळच आहे नं? मंग बसा. पुलाकडे सत्तरनं न्या आन पुढचा ब्रेक दाबा. धड परत आले तं मी इथं पुन्हा पाय ठेवणार नाही."

मनिषने चावी घेतली, बोटांत फिरवली. बसला मात्र नाही.

"राहू द्या, वहिनी."

"काहून?"

"चाक अडकते तिचं."

"तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"आन अंकुशच्या गाडीचं?"

 गिऱ्हाईकं त्याच्याकडेच बघत होती. शेवटी तो पुटपुटला, "तेही."

अश्विन हात झटकत मागे झाला. दामिनीला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मनिषचं ते जुनं वाक्य डोक्यातून जाईल. गेलं नाही. तिने मोबाईल काढला, नंबर लावला, आवाज मोठा करून मनिषच्या तोंडापुढे धरला. त्याने डोळ्यांनीच नको म्हटलं. तिचा हात खाली आला नाही.

पलीकडून अंकुशचा आवाज आला, "बोल, दामिनी."

"मी नाही," ती म्हणाली, "मनिषभाऊ बोलून राहिले."